मेदयुक्त यकृत विकार आणि पुरुषांमधील अस्थिआरोग्य

मेदयुक्त यकृत विकार म्हणजेच फॅटी लिव्हर आणि पुरुषांच्या हाडांचे आरोग्य यांचा परस्परसंबंध हा यकृतविज्ञान, अंतःस्रावविज्ञान आणि अस्थिरोगशास्त्र यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. यकृतात प्रमाणाबाहेर मेद साठणे आणि हाडांची बळकटी कमी होणे हे दोन्ही विकार बहुधा कोणत्याही लक्षणांविना वाढत जातात. पहिला अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत आढळतो, तर दुसरा हाड मोडल्यावर लक्षात येतो. अस्थिसुषिरता (ऑस्टिओपोरोसिस) हा स्त्रियांचा आजार मानला जात असल्याने पुरुषांमध्ये तिचे निदान विशेष उशिरा होते. दोन्ही विकारांमध्ये सांख्यिकीय संबंध असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे; मात्र मेदयुक्त यकृत हेच हाडे कमकुवत होण्याचे थेट कारण आहे, हे अद्याप निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

विकाराचे स्वरूप आणि नामकरण

यकृतातील ५ टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये मेदाचे थेंब साठल्यास यकृत मेदयुक्त झाले असे मानतात. मद्यपानाव्यतिरिक्त मुख्यतः लठ्ठपणा, मधुमेहाचा दुसरा प्रकार, उच्च रक्तदाब आणि रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण यांच्याशी तो संबंधित असतो. मेदासोबत यकृतदाह व पेशींची हानी होऊ लागल्यास पुढे तंतुमयता, सिरोसिस आणि काही रुग्णांत यकृताचा कर्करोग होऊ शकतो. मद्यपान न करणाऱ्यांमधील अशा यकृतदाहाला १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील युर्गन लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्र नाव दिले. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंघटनांनी ‘मद्यविरहित’ हा नकारात्मक शब्द वगळून विकाराच्या नावात चयापचयातील बिघाडाचा थेट उल्लेख केला. या नव्या व्याख्येनुसार पुरुषांसाठी आठवड्याला २१० ग्रॅम आणि स्त्रियांसाठी १४० ग्रॅम मद्यार्क ही मर्यादा आहे. तिच्यापेक्षा अधिक मद्यपान असल्यास विकाराचे वर्गीकरण बदलते.

पुरुषांमधील अस्थिसुषिरता

हाड ही स्थिर वस्तू नसून अस्थिशोषक पेशी जुने हाड झिजवतात व अस्थिजनक पेशी त्या जागी नवे घडवतात. झीज भरीपेक्षा अधिक झाल्यास हाड सच्छिद्र व ठिसूळ बनते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार अस्थिखनिज घनतेचा टी-गुणांक −२.५ किंवा त्याहून कमी असल्यास अस्थिसुषिरता, तर −१ ते −२.५ दरम्यान असल्यास अस्थिघनतेतील घट समजली जाते.

पुरुषांची हाडे सरासरीने आकाराने मोठी असतात आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये दिसते तशी झपाट्याची झीज त्यांच्यात होत नाही. त्यामुळे त्यांचे अस्थिभंग साधारणतः उतारवयात होतात. तरीही पन्नाशीनंतरच्या सुमारे पाचपैकी एका पुरुषाला उर्वरित आयुष्यात अस्थिसुषिरतेमुळे अस्थिभंग होतो असा अंदाज आहे. खुब्याचे हाड मोडल्यानंतरच्या वर्षातील मृत्यूचे प्रमाण स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये अधिक असते.

संबंधामागील संभाव्य यंत्रणा

यकृत आणि हाडे एकमेकांपासून दूर असली, तरी रक्तातून वाहणाऱ्या अनेक द्रव्यांनी ती जोडलेली आहेत.

वृद्धी घटक: अस्थिजनक पेशींना चालना देणाऱ्या ‘इन्सुलिनसदृश वृद्धी घटक-१’ या द्रव्याचा रक्तातील मोठा भाग यकृतात तयार होतो. यकृताच्या विकारात त्याचे प्रमाण घटू शकते.

दाह: मेदयुक्त यकृत आणि पोटातील मेद यांतून दाहकारक द्रव्ये स्रवतात. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-अल्फा व इंटरल्यूकिन-६ ही त्यांपैकी प्रमुख होत. त्यांच्या प्रभावाने अस्थिशोषक पेशींची निर्मिती वाढते.

ड जीवनसत्त्व: त्वचेत तयार झालेल्या किंवा आहारातून मिळालेल्या ड जीवनसत्त्वावरील पहिली रासायनिक प्रक्रिया यकृतात आणि दुसरी मूत्रपिंडात होते. सिरोसिससारख्या प्रगत अवस्थेत पहिली प्रक्रिया मंदावते. सौम्य मेदयुक्त यकृतात मात्र रक्तातील ड जीवनसत्त्व कमी असण्यास लठ्ठपणा व उन्हात कमी वावर हीच कारणे अधिक महत्त्वाची असतात.

लैंगिक संप्रेरके: पुरुषांसाठी ही यंत्रणा विशेष महत्त्वाची आहे. लठ्ठपणा व इन्सुलिन प्रतिरोध असलेल्या पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण अनेकदा कमी आढळते. लैंगिक संप्रेरकांना रक्तात वाहून नेणारे प्रथिन यकृतातच बनते व मेदयुक्त यकृतात त्याचे प्रमाण घटते. त्यामुळे टेस्टोस्टेरॉनच्या एकूण प्रमाणाचा अर्थ लावताना हे प्रथिन विचारात घ्यावे लागते. पुरुषांच्या हाडांनाही इस्ट्रोजेनची गरज असते आणि ते शरीरात टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होते. म्हणून टेस्टोस्टेरॉनच्या दीर्घकालीन कमतरतेचा फटका हाडांना दुहेरी बसू शकतो.

स्नायू व जीवनशैली: व्यायामाचा अभाव, स्नायूंची झीज, धूम्रपान आणि मद्यपान हे दोन्ही विकारांचे सामायिक धोके आहेत. स्नायू क्षीण झाल्यास हाडांवर पडणारा उपयुक्त ताण कमी होतो व तोल जाऊन पडण्याची शक्यता वाढते.

संशोधनातील पुरावे

सिरोसिस आणि पित्तप्रवाह अडणाऱ्या यकृतविकारांमध्ये हाडे कमकुवत होतात, हे पूर्वीपासून ज्ञात होते. साध्या मेदयुक्त यकृताकडे या दृष्टीने लक्ष जाऊ लागले ते मुख्यतः एकविसाव्या शतकात. २०१२ साली चीनमधील साडेसात हजारांहून अधिक मध्यमवयीन व वृद्ध व्यक्तींच्या अभ्यासात मेदयुक्त यकृत असलेल्या पुरुषांमध्ये अस्थिसुषिरताजन्य अस्थिभंगाचा पूर्वेतिहास अधिक आढळला. स्त्रियांमध्ये तसा संबंध दिसला नाही. कोरियातील एका अभ्यासातही पुरुषांमध्ये यकृतातील मेद व मांडीच्या हाडाच्या मानेची घनता यांचे नाते व्यस्त आढळले.

सर्व निष्कर्ष मात्र एकाच दिशेचे नाहीत. काही अभ्यासांत वजन व मधुमेह यांचा प्रभाव वगळल्यावर हा संबंध क्षीण झाला किंवा नाहीसा झाला. यामागे एक मूलभूत अडचण आहे: अधिक वजनाच्या भारामुळे हाडांची मोजलेली घनता वाढते, तर चयापचयातील बिघाडामुळे त्यांची गुणवत्ता खालावू शकते. मधुमेहाच्या दुसऱ्या प्रकारात घनता सामान्य किंवा अधिक असूनही अस्थिभंगाचा धोका वाढलेला असतो, हे याचे परिचित उदाहरण होय. शिवाय बहुतांश अभ्यास एकाच वेळच्या पाहणीवर आधारित असल्याने कोणता विकार आधी झाला, हे त्यांवरून ठरत नाही.

भारतीय संदर्भ

भारतीयांमध्ये वजन फारसे नसतानाही पोटात मेद साठण्याची प्रवृत्ती आढळते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी यासंबंधी दीर्घकाळ संशोधन केले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा शरीरभार निर्देशांक २२.३ असताना शरीरातील मेदाचे प्रमाण याज्ञिक यांचे २१.२ टक्के, तर युडकिन यांचे ९.१ टक्के होते. त्यामुळे सडपातळ भारतीय पुरुषाला मेदयुक्त यकृत होणार नाही, असे गृहीत धरता येत नाही. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरहून अधिक कंबरघेर हा धोक्याचा निदर्शक मानला जातो. भारतात भरपूर ऊन असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता व्यापक आहे. २०२१ साली केंद्र सरकारने असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मेदयुक्त यकृत विकाराचा समावेश केला.

निदान

यकृतातील मेद सोनोग्राफीत दिसतो. वय, यकृतातील दोन विकरांचे रक्तातील प्रमाण आणि बिंबाणूंची संख्या यांवरून काढला जाणारा फिब-४ निर्देशांक तंतुमयतेचा प्राथमिक अंदाज देतो. गरजेनुसार यकृताची कठीणता मोजणारी तपासणी केली जाते. अस्थिघनता डेक्सा या क्ष-किरण तपासणीने मोजतात. अस्थिभंगाचा दहा वर्षांतील धोका वर्तवणाऱ्या ‘फ्रॅक्स’ या गणनपद्धतीत दीर्घकालीन यकृतविकाराची गणना दुय्यम अस्थिसुषिरतेच्या कारणांमध्ये होते. मेदयुक्त यकृत असलेल्या प्रत्येक पुरुषाची डेक्सा तपासणी करण्याचा प्रघात नाही. वाढते वय, किरकोळ पडण्याने झालेला अस्थिभंग, उंची कमी होणे, स्टिरॉइडचा दीर्घ वापर, टेस्टोस्टेरॉनची कमतरता किंवा सिरोसिस असल्यास मात्र तिचा विचार केला जातो.

उपचार आणि प्रतिबंध

वजन ७ ते १० टक्क्यांनी घटवल्यास यकृतातील मेद व दाह कमी होतो. परंतु वजन घटताना हाडांची घनता आणि स्नायूही काही प्रमाणात कमी होतात. वजन घटवण्याच्या काही शस्त्रक्रियांनंतर अस्थिभंगाचा धोका वाढतो. म्हणून केवळ उपाशी राहून वजन उतरवण्याऐवजी पुरेशी प्रथिने व कॅल्शियम असलेला आहार, चालण्यासारखा व्यायाम आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम यांची जोड दिली जाते. धूम्रपान व मद्यपान सोडल्याने दोन्ही अवयवांना लाभ होतो.

औषधांची निवडही दोन्ही बाजू पाहून करावी लागते. यकृतदाहात उपयोगी ठरलेल्या पायोग्लिटाझोनमुळे अस्थिभंगाचा धोका वाढू शकतो. हा परिणाम स्त्रियांमध्ये अधिक स्पष्टपणे दिसला आहे. ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढणे हाडांसाठी आवश्यक असले, तरी त्यामुळे यकृतातील मेद कमी होतो असे ठोसपणे सिद्ध झालेले नाही. अस्थिसुषिरता निश्चित झाल्यास बिस्फॉस्फोनेटसारखी औषधे पुरुषांनाही दिली जातात.