स्त्रियांचा मताधिकार व नांवाची नोंद : सोनपेठकडील कांहीं विचार

जुन्या मोडी कागदांत पुरुषाचें नांव ‘बिन’ लावून बापाच्या नांवाशीं जोडलेलें असतें, व स्त्रीचें ‘कोम’ लावून नवऱ्याच्या, हें संग्राहकांस सांगणें नको. ‘कोम’च्या अलीकडे बाईचें स्वतःचें नांव येतें खरें, पण तें वतन, दत्तविधान, खरेदीखत अशा निमित्तानें, म्हणजे बहुधा मिळकतवालीचें. रानांत खुरपणाऱ्या बाईचें नांव त्या दप्तरांत शोधूं गेल्यास हातीं फारसें लागत नाहीं. तें कागदावर आणण्याचें काम मताधिकारानें केलें, असें आमचें मत आहे.

मुंबई इलाख्यांत हा हक्क झगडून व पायरीपायरीनें मिळाला. १८ डिसेंबर १९१७ रोजीं सरोजिनी नायडू यांच्या पुढारीपणाखालीं स्त्रियांचें शिष्टमंडळ मद्रासेस माँटेग्यूसाहेबांस भेटलें. साउथबरो समितीनें मागणी नाकारली. तेव्हां १९१९ सालीं हेराबाई टाटा व त्यांची कन्या मिठन यांनीं विलायतेस जाऊन आपली बाजू मांडली. त्या सालच्या कायद्यानें निर्णय प्रांतिक कौन्सिलांवर सोपविला, व १९२१ सालीं मद्रास आणि मुंबई येथील कौन्सिलांनीं तो स्त्रियांच्या बाजूनें दिला. मुंबईकडील खटपटींत रमाबाई रानडे अग्रभागीं होत्या. तथापि मिळकतीची अट राहिल्यामुळें हा हक्क ‘कोम’च्या जुन्या दप्तराबाहेर फारसा गेला नाहीं. १९३५ च्या कायद्यानें साक्षर स्त्रीस, तसेंच ठराविक पात्रतेच्या पुरुषाच्या पत्नीस मत मिळालें. म्हणजे पुन्हां नवऱ्याचाच आधार!

सोनपेठ पडलें मोगलाईंत. या पायऱ्या इकडे लागूच नव्हत्या. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट कोसळली, १९५० सालीं राज्यघटना अमलांत आली, व तिच्या ३२६ व्या कलमानें एकवीस वर्षांच्या प्रत्येक स्त्रीस, शेत असो वा नसो, मत दिलें. पुण्याकडे ज्यास तीस वर्षें लागलीं तें सोनपेठच्या बाईस एकदम लाभलें. तिनें त्यासाठीं अर्ज केला नव्हता, हें खरें; पण म्हणून तो हक्क कमी प्रतीचा ठरत नाहीं.

यादी करतांना मात्र अडचण निघाली. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेंच सांगणाऱ्या सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें पहिल्या निवडणुकीच्या यादींतून वगळावीं लागलीं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं स्वतःच्या नांवावांचून नोंद स्वीकारली नाहीं. असे प्रकार मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत व विंध्य प्रदेश येथें घडले. सेन यांचा हट्ट आम्हांस योग्य वाटतो. त्या निवडणुकीपुरतें त्या बायांचें नुकसान झालें, तरी पुढच्या खेपेस बहुतेकींचीं नांवें आलीं.

आपल्याकडे पेंच निराळा. शिक्षक या नात्यानें यादीच्या फेरतपासणीस सोनपेठ भागांत घरोघर हिंडत असतां एका म्हातारीस आम्हीं नांव विचारलें. ती म्हणाली, “कंचं सांगू मास्तर, माह्यारचं का सासरचं?” लग्नांत तांदळावर लिहिलेलें नांवच आम्हीं टिपून घेतलें, पहिलें विचारलें नाहीं, याची चुटपुट आजही आहे. वंशावळ जुळविणारानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी : एकच बाई दोन नांवांनीं दोन गांवीं सांपडेल.

पुढें १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींत स्त्रियांस एकतृतीयांश जागा मिळाल्या, व २०११ पासून महाराष्ट्रांत त्या निम्म्या झाल्या. तीं दप्तरें अद्याप ताजीं आहेत. चिंता १९५१-५२ च्या याद्यांची. एका परिचितांच्या माळ्यावर सनदा रेशमी रुमालांत, आणि मतदारयादीचीं पानें फराळाच्या डब्यांच्या बुडाशीं अंथरलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. ज्यांच्या संग्रहीं अशी यादी असेल त्यांनीं निदान स्त्रियांच्या नांवांची नक्कल करून ठेवावी, व घरांत कोणी वृद्ध असल्यास माहेरचें नांव समासांत लिहून घ्यावें.