चाकाखालची वाट

खानदेशचा इतिहास सांगायला बसले की बहुतेक जण थाळनेर आणि लळिंगच्या फारुकी सुलतानांपासून आरंभ करतात आणि मोगल, मराठे, होळकर, इंग्रज अशा पायऱ्या उतरत आजवर येऊन पोहोचतात. ताम्रपट, शिलालेख, मोडी दप्तरे ही या इतिहासाची साधने. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ अशा कागदांसाठी प्रसिद्धच आहे. ज्यांच्या नावाने ते उभे आहे त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या कागदांसाठी गावोगाव पायपीट केली आणि १९२६ साली धुळ्यातच देह ठेवला. त्यांनी मिळवलेले कागद आज कपाटात सुरक्षित आहेत. ज्या वाटा त्यांनी तुडविल्या त्यांची मात्र कुठे नोंद नाही. वाट हादेखील एक दस्तऐवजच आहे. तो पायांनी लिहिला जातो, आणि पाय थांबले की दोन-चार पावसाळ्यांत पुसला जातो.

हा दस्तऐवज वाचण्याचे एक साधन मला अलीकडे सापडले आहे. ते साधन म्हणजे सायकल. हसू नका, त्यामागे थोडा इतिहास आहे.

१८१७ च्या जून महिन्यात जर्मनीतील मानहाइम गावी कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थाने दोन लाकडी चाकांचे एक वाहन रस्त्यावर आणले. त्याला पॅडल नव्हते. बसणाऱ्याने पायांनी जमीन रेटीत पुढे जायचे. ती आजच्या सायकलीची पणजी. पुढच्याच वर्षी, १८१८ त, पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती आला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण डोंगरातल्या ज्या वाटांनी इंग्रजांना पहिली काही वर्षे झोप येऊ दिली नाही, त्याच वाटांवर आज ड्राइससाहेबाच्या चाकाचे वंशज हौसेने हिंडत आहेत.

या वाटा होत्या भिल्लांच्या. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा आणि मधे तापी-गिरणेचे सपाट खोरे, असा आपला मुलूख. डोंगरातून खाली उतरणारा प्रत्येक घाट कुणा ना कुणा नाईकाकडे असे. घाट राखायचा, वाटसरूंना सुखरूप पार करायचे आणि त्याबद्दल ठरलेला हक्क घ्यायचा, अशी जुनी रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होळकरांच्या धामधुमीने आणि त्यापाठोपाठच्या दुष्काळाने ती घडी विस्कटली. हक्क बुडाले, तेव्हा राखणदारांनीच वाटा अडविल्या. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला ठाणे करून फौजा पाठविल्या. परंतु फौजेला हमरस्ता लागतो आणि भिल्लाला नुसती घळ पुरते. त्यातून जंगलातला हिवताप. तलवारीने हे काम होईना.

तेव्हा एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, १८२५ साली, भिल्लांचीच पलटण उभारण्याची युक्ती निघाली. हे काम ज्याच्याकडे सोपविले तो जेम्स आउट्रम त्या वेळी अवघा बावीस वर्षांचा होता. तो शिकारीच्या निमित्ताने भिल्लांमध्ये एकटा वावरला, त्यांचा विश्वास संपादन केला, आणि धरणगावला पलटणीचे ठाणे झाले. त्याच्या धाडसाचे कौतुक जरूर करावे. पण या पलटणीचे खरे भांडवल काय होते? बंदुका तर सरकारकडे आधीही होत्या. नव्याने मिळाले ते वाटांचे ज्ञान. कुठल्या खिंडीत उन्हाळ्यातही पाणी असते, कुठला उतार पावसात घसरतो, ही विद्या भिल्लांची होती. पुढे चाळीसगाव आणि कन्नड यांच्यामधल्या घाटाला नाव मात्र मिळाले ते आउट्रमचे. आजही तो औट्रम घाटच आहे.

याच गोष्टीची दुसरी बाजू उत्तरेला दिसते. मुंबई-आग्रा रस्ता धुळे, शिरपूर करीत सेंधव्याच्या घाटाने सातपुडा ओलांडतो. तिथे वाट राखण्याच्या कामावर खाज्या नाईक होता. सरकारने त्याला कामावरून दूर केले, आणि १८५७ च्या धामधुमीत हाच खाज्या नाईक सरकारविरुद्ध उठला. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीची लढाई झाली. भिल्ल मोठ्या संख्येने पडले. वाट राखणारा माणूस दुखावला की वाटच उलटते, हा त्यातला धडा. पुढे १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगले आखली, आणि जी वाट काल आजोबांची होती तिच्यावर नातू आज गुन्हेगार ठरू लागला.

इकडे सायकल आपली वाट चालत होती. १८८८ त डनलॉपने हवेची धाव बसविली आणि हाडे खिळखिळी करणारे हे वाहन सुसह्य झाले. १८९७ साली अमेरिकेत कृष्णवर्णीय सैनिकांच्या एका तुकडीने मोंटाना प्रांतातून सेंट लुईपर्यंत सुमारे एकोणीसशे मैल सायकली हाकल्या, त्याही डोंगर, चिखल आणि वाळू तुडवीत. कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपाइस नावाचा एक डोंगर आहे. तिथली तरुण मंडळी १९७० नंतर जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन धुळीच्या वाटांवरून खाली झोकून देऊ लागली. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी शर्यत लावली. उतार असा की ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. या वेडातून 'माउंटन बाइक' जन्मली आणि वीस वर्षांत, १९९६ साली, अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये जाऊन बसली.

आपल्याकडे मात्र दुधाच्या बरण्या लटकावलेला गवळी, टपालाची पिशवी अडकवलेला पोस्टमन आणि कॅरियरवर कडब्याची पेंढी बांधलेला शेतकरी यांनी साध्या सायकलीवर गाडवाटा कधीच पालथ्या घातल्या होत्या. त्याला कुणी खेळ म्हटले नाही, एवढेच.

आता जळगाव-धुळ्याकडेही रविवारी सकाळी गिअरच्या सायकली घेऊन टोळकी निघतात. गेल्या हिवाळ्यात अशाच एका सातजणांच्या टोळक्यात मी होतो. चाळीसगावहून पाटणादेवी सतरा-अठरा किलोमीटर. डांबरी रस्ता सोडून आम्ही शेतांमधल्या गाडवाटा धरल्या. कपाशीची वेचणी चालली होती, बांधावर दादर उभी होती. वेड्या बाभळीच्या काट्यांनी तासाभरात तीन ट्यूब खाल्ल्या. तिसरे पंक्चर काढीत बसलो असताना शेजारच्या वस्तीतले एक भिल्ल आजोबा येऊन उभे राहिले. "कथा चालनात, भाऊ?" त्यांनी अहिराणीत विचारले. पाटणादेवी म्हणताच म्हणाले, चला, मीही त्याच अंगाला निघालोय.

पुढचे दोन मैल आम्ही सायकली हातात धरून त्यांच्या मागे चाललो, आणि माझ्या सबंध शिक्षकी पेशात मिळाला नाही असा इतिहासाचा तास मला तिथे मिळाला. बैलगाडीची वाट चढाला वळसा घालते, कारण बैलाचा खूर घसरून चालत नाही. गुरांची वाट पाण्याकडे जाते. माणसाची वाट सरळ चढते, कारण माणसाला घाई असते. एका उतारावर त्यांनी काठीने एक खोल चर दाखविला. मोटारसायकली ओल्या मातीतून गेल्या, चाकोरी पडली, पुढच्या पावसात पाणी तिच्यातूनच धावले, आणि दोन वर्षांत वाटेचा नाला झाला. 'चाकोरी' हा शब्द मी वर्गात शंभरदा समजावून दिला असेल. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. चाकाने वाट वाचताही येते आणि मोडताही येते.

पाटणादेवीला सायकली ठेवल्या. हे गाव भास्कराचार्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ काढला आणि राजाने त्याला दान दिले, असे सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख इथलाच. डोंगर चढून गेले की पितळखोऱ्याची लेणी लागतात. त्यांतली जुनी दोन हजार वर्षांपलीकडची आहेत. तिथल्या एका लेखात पैठणच्या मितदेव नावाच्या गंधविक्याने दान दिल्याची नोंद आहे. अत्तराचे बुधले घेऊन पैठणचा व्यापारी या रानात येत होता, म्हणजे इथे वाहती वाट होती. गंधविक्याचे नाव दगडात उरले. त्याला खिंडीतून सुखरूप पार करणाराचे नाव कुठल्याच दगडावर नाही.

३१ ऑगस्ट २०२१ रोजी मुसळधार पावसाने औट्रम घाटात दरडी कोसळल्या, वाहतूक बंद पडली आणि चाळीसगावात पूर शिरला. हमरस्त्याचा डोंगरावर केवढा भार पडतो हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या माणसाचा हक्क कागदावर मान्य झाला आहे. पण वाटेची विद्या कायद्याने टिकत नाही. ती विचारणारा आणि सांगणारा असे दोघे लागतात.

म्हणून यंदा मी माझ्या वर्गाला एक वही करायला सांगितली आहे. प्रत्येकाने आपल्या शिवारातली एक वाट लिहायची: ती कुठून कुठे जाते, तिला काय म्हणतात, हे सांगणारे माणूस कोण. आतापर्यंत बाजाराची, देवीची, पाण्याची आणि एक सासरची वाट, अशा चार वाटा वहीत आल्या आहेत. दिवाळी झाली की जमीन वाळते आणि गाडवाटा सायकलीला गोड लागतात. फराळाचे डबे बांधून मुलांना बाहेर काढा. ओल्या मातीत चाक घालू नका, राखीव जंगलात वनखात्याला विचारल्यावाचून शिरू नका. आणि वस्तीवरचे जे पहिले म्हातारे माणूस भेटेल त्याच्यापाशी उतरून वाटेचे नाव विचारा. ते त्याच्या नावासह लिहून ठेवा.