पिसवा, प्लेग आणि आमची मनी

गेल्या श्रावणात आमच्या मनीला पिसवा झाल्या. मनी उंबऱ्याबाहेर कधी जात नाही. बेळगावातल्या आमच्या जुन्या घराचं माजघर, स्वयंपाकघर आणि गच्चीचा जिना एवढंच तिचं जग. तरी पिसवा आल्याच. आधी तिचं सारखं खाजवणं सुरू झालं, मग चार वर्षांच्या नातवाच्या पोटऱ्यांवर लाल पुरळ दिसायला लागलं. ओल्या पांढऱ्या फडक्यावर मनीला बसवून उवांची फणी फिरवली, तर काळे कण पडले आणि बघता बघता तांबडे झाले. पिसवांच्या विष्ठेत उरलेलं ते मनीचंच रक्त.

"औषध घालू नकोस गं," सासूबाई म्हणाल्या. "त्या पण जीवच की. फणीनं काढ आणि परसात सोड."

चातुर्मास चाललेला. पावसाळ्यात जीवजंतू वाढतात, पायाखाली येतात, म्हणून आपले मुनी चार महिने एका जागी राहतात. अशा दिवसांत मी घरात विषाची बाटली कशी आणू? आठ दिवस मी फणीनं पिसवा काढल्या, वाटीत झाकून परसात नेऊन सोडल्या. नवव्या दिवशी मनीच्या अंगावर तेवढ्याच होत्या आणि नातू रात्रभर खाजवत रडला.

बी.ए.ला माझा इतिहास होता. अडलं की जुनी पुस्तकं काढून बसायची सवय अजून गेली नाही. वाचता वाचता सुरतेपर्यंत पोचले. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६९० साली सुरतेला आला होता. त्याचं प्रवासवर्णन १६९६ मध्ये छापून आलं. मुक्या जनावरांच्या रुग्णालयाबद्दल तो लिहितो, आणि पुढे सांगतो की त्याच्याजवळच ढेकूण-पिसवांसाठीही वेगळी जागा होती. त्यांना माणसाचंच रक्त लागतं, म्हणून मधूनमधून एखाद्या गरिबाला पैसे देऊन तिथल्या बाजेवर रात्रभर झोपवत. चावे असह्य होऊन त्यानं पळून जाऊ नये म्हणून त्याला बाजेला बांधत.

हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं की बाजारात ऐकलं, कोण जाणे. परक्यांना आपल्या दयेची थट्टा करायला असल्या गोष्टी बऱ्या पडतात. पण ते पान मिटवून मी झोपले, तरी तो बांधलेला माणूस डोळ्यांपुढून हलेना. तीन इंद्रियांच्या जीवाला जगवायला पाच इंद्रियांचा जीव बाजेला बांधायचा? आणि माझ्या घरात त्या बाजेवर कोण झोपलं होतं? माझा नातू.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना हे वाचून दाखवलं. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या आत्याबाई प्लेगाचं सांगायच्या." आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. त्या लहान असताना घरात उंदीर पडला की गाव सोडायचं. भांडीकुंडी घेऊन माळावर झोपड्या घालायच्या आणि दोन-तीन महिने तिथंच राहायचं. एका वर्षी उंदीर पडूनही त्यांचे आजोबा दुकान सोडून निघाले नाहीत. गूळ-धान्याचा माल होता, तो कुणाच्या भरवशावर टाकायचा? आठवड्याभरात आजोबा आणि आत्याबाईंची थोरली बहीण, दोघं गेले.

तो प्लेग मुंबईत सुरू झाला १८९६ साली. सप्टेंबरात मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, आणि वखारी म्हणजे उंदीर. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो पुणे, बेळगाव, हुबळी-धारवाडपर्यंत पसरला. पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १८९७ च्या मार्चमध्ये त्यातच गेल्या. उंदीर मारायला पुष्कळांचा विरोध होता, त्यात आपली माणसंही होती. देशभरात पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत एक कोटीहून जास्त माणसं त्या रोगानं दगावली.

उंदीर मेला की माणूस का मरतो, हे तेव्हा कुणाला नीट कळत नव्हतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ च्या जूनमध्ये कराचीत एक प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत पिसवांसह प्लेगानं आजारी उंदीर ठेवला. वर, शिवणार नाही अशा अंतरावर, जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. खालचा मेला, अंग गार पडलं, पिसवा उडून वर गेल्या. थोड्या दिवसांनी वरचाही प्लेगानं मेला. सिमाँचं म्हणणं बरीच वर्षं कुणी मानलं नाही. १९०५ नंतर मुंबईत पुन्हा मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाले, तेव्हा ते खरं ठरलं. त्यासाठी प्लेगाच्या घरांत गिनी पिग सोडत आणि त्यांच्या अंगावर चढलेल्या पिसवा मोजत. आज आपण जे जाणतो, त्याच्यामागे त्या मुक्या जीवांचेही बळी आहेत, हे विसरू नये.

१९१४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. प्लेगाचे जंतू वाढून पिसवेचा घसाच बंद होतो. रक्त पोटात जात नाही, म्हणून ती भुकेनं पुन्हा पुन्हा चावत सुटते आणि दर चाव्याबरोबर जंतू उलटून आत सोडते. शेवटी उपाशीच मरते. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे तिलाही सुख नाहीच की."

मांजराची पिसू वेगळी, प्लेग पसरवणारी मुख्य पिसू उंदरावरची. पण मांजराची पिसूही निरुपद्रवी नव्हे. चाटताना ती पोटात गेली तर मांजराला चपटे जंत होतात, आणि लहान पिलाच्या अंगावर फार झाल्या तर रक्त कमी होऊन पिलू मरूही शकतं.

मी मनीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "अंगावर दिसतात त्या थोड्याच हो. बाकी सगळं घरात आहे." एक मादी रोज पंचवीस-तीस अंडी सहज घालते. ती गळून सतरंजीत, फटीत पडतात. अळ्या त्याच रक्ताच्या कणांवर वाढतात, मग कोशात जातात. कोशातली पिसू महिना-महिना वाट बघते आणि ऊब लागली, पावलांचा धक्का बसला की बाहेर पडते. मानेवर, जिथं जीभ पोचत नाही तिथं लावायचं मांजराचं औषध त्यांनी वजन करून दिलं. "कुत्र्याचं लावू नका," असं दोनदा बजावलं. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं. रॉकेल, फिनेलही नको. मांजर अंग चाटतं, सगळं पोटात जातं.

घरी येऊन कोठीची खोली उघडली आणि मला माझीच लाज वाटली. मे महिन्यात एका भटक्या मांजरीनं खिडकीतून येऊन तिथं जुन्या घोंगडीवर पिलं घातली होती. पिलं मोठी होऊन गेली. ती घोंगडी मी उन्हात टाकणार होते. आज करू, उद्या करू म्हणत तीन महिने गेले. मनी अधूनमधून तिथंच जाऊन झोपायची.

गृहस्थाला संकल्पी हिंसा सोडायला सांगितली आहे. आरंभी, उद्योगी, विरोधी हिंसा त्याला पूर्ण टळत नाही. औषध लावणं यातलं कुठलं? नातवासाठी, मनीसाठी, म्हणून विरोधी म्हणावं, तर बाटली मी ठरवूनच आणली होती. तो हिशोब माझा मलाच अजून लागलेला नाही. पण एक कळलं. हिंसेचं मूळ प्रमादात असतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्या हातून हिंसा बाटली उघडली त्या दिवशी सुरू झाली नाही. घोंगडी तशीच टाकून कोठीचं दार लावलं, त्या दिवशी सुरू झाली. वेळेवर झाडली असती तर थोडे जीव गेले असते, मग हजारो जन्मलेच नसते. यत्नाचार म्हणतात तो हाच. तो बसदीत नव्हे, केरसुणी हातात असताना पाळायचा असतो.

मनीला सासूबाईंनी मांडीवर धरलं, मी औषध लावलं. अंथरुणं कढत पाण्यात धुतली. फटींतून, खाटेखालून रोज व्हॅक्यूम फिरवला, त्यातला केर लगेच बांधून बाहेर टाकला. कोशातून नव्या निघत होत्या, म्हणून महिनाभर चिकाटी धरावी लागली, औषधही डॉक्टरांनी सांगितलं तसं पुन्हा लावलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी सासूबाई नेहमीपेक्षा जास्त वेळ आलोचना म्हणत बसल्या होत्या. मीही शेजारी बसले.

आता मनी स्वस्थ झोपते. सासूबाई मात्र दर अष्टमीला न चुकता विचारतात, "कोठी झाडलीस का गं?"