मोटारीचा अल्टरनेटर घरी बदलताना: आधी तपासणी, मग पाना

गोव्यातून बेळगाव-निपाणीकडे जाणाऱ्या वाहनांना घाट चुकत नाही. चोर्ला घाटातून कणकुंबी-जांबोटीमार्गे बेळगाव, अनमोड घाटातून रामनगर-खानापूरमार्गे बेळगाव, किंवा आंबोली चढून आजरा-गडहिंग्लजमार्गे संकेश्वर आणि निपाणी अशा या वाटा आहेत. बाजारहाट, नातेसंबंध, शिक्षण आणि उपचार यांसाठी त्यांवर रोजची ये-जा असते. पुणे-बेंगळुरू महामार्गावर दर काही अंतराला गॅरेज सापडते. घाटांतील जंगलपट्ट्यात तशी सोय नसते. या प्रवासात मोटारीचा जो भाग बिघडल्याचे उशिरा लक्षात येते, तो म्हणजे अल्टरनेटर.

अल्टरनेटर बंद पडला तरी मोटार लगेच थांबत नाही. ती बॅटरीच्या साठ्यावर चालत राहते. पावसाळी रात्री पुढचे दोन हॅलोजन दिवेच सुमारे 10 अँपिअर प्रवाह घेतात. वायपर, काचेवरील धुके घालवणारा पंखा, इंधनपंप आणि इंजिनाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जमेस धरली, तर ही मागणी 30 अँपिअरच्या घरात जाते. लहान मोटारीची 35 अँपिअर-तासांची बॅटरी असा भार तासभरही पेलेलच, याची खात्री नसते. दिवे मंदावतात, वायपर रेंगाळतात आणि अखेरीस इंजिन बंद पडते. विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग असल्यास वळणावर ते अचानक जड होते.

दोष नेमका कोणाचा?

साध्या रचनेच्या मोटारीत अल्टरनेटर बदलणे हे हाताला सवय असलेल्या माणसाला दोन-तीन तासांत जमण्यासारखे काम आहे. कठीण असतो तो निर्णय. बॅटरी उतरली की अल्टरनेटरवर ठपका ठेवला जातो. प्रत्यक्षात सैल बेल्ट, क्षार चढलेले टर्मिनल, खराब अर्थिंग किंवा म्हातारी झालेली बॅटरी यांपैकी एखादे कारण अनेकदा निघते. अशा वेळी नवा अल्टरनेटर बसवूनही आठवड्याभरात मोटार पुन्हा ढकलावी लागते आणि हजारो रुपये वाया जातात.

अल्टरनेटरचे कार्य समजले की तपासणी सोपी होते. इंजिनाच्या फिरत्या पुलीवरून बेल्ट त्याला फिरवतो. आतील रोटरला कार्बन ब्रशांमधून थोडा प्रवाह मिळून चुंबकत्व निर्माण होते, भोवतालच्या तारांच्या वेटोळ्यांत प्रत्यावर्ती वीज तयार होते, डायोड तिचे एकदिश विजेत रूपांतर करतात आणि रेग्युलेटर व्होल्टेज मर्यादेत ठेवतो. पूर्वी हे काम डायनामो करीत असे. म्हणूनच जुने कारागीर आजही अल्टरनेटरला डायनामो म्हणतात. डायनामो इंजिनाच्या मंद गतीत पुरेशी वीज देत नसे. 1960 मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर दिला आणि पुढे जगभर तोच रूढ झाला.

मल्टिमीटरने तपासणी

काही शे रुपयांच्या मल्टिमीटरवर पुढील चाचण्या होतात.

पहिली चाचणी बॅटरीची. मोटार काही तास उभी असताना पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे ती निम्मी उतरलेली आणि 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. बॅटरी उतरली असल्यास ती आधी चार्जरवर भरावी आणि मगच पुढे तपासावे.

दुसरी चाचणी इंजिन सुरू असताना करावी. गती किंचित वाढवून बॅटरीच्या टोकांवर 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळाले, तर चार्जिंग व्यवस्थित आहे. पुढचे दिवे व पंखा सुरू केल्यावरही आकडा 13.2 च्या खाली घसरू नये. तो बॅटरीच्या आधीच्या आकड्याइतकाच राहिला, तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडलेला असून बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक भाग धोक्यात आहेत. अलीकडच्या काही मोटारींत संगणक गरजेनुसार व्होल्टेज कमी-जास्त करतो. तेथे केवळ एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

तिसरी चाचणी तारांची. इंजिन सुरू आणि दिवे चालू ठेवून अल्टरनेटरच्या मुख्य टोकापासून बॅटरीच्या धन टोकापर्यंत व्होल्टमधील घट मोजावी, ती 0.3 हून अधिक असेल, तर तार, जोड किंवा मोठा फ्यूज तपासावा. अल्टरनेटरचे कवच आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये 0.2 हून अधिक घट दिसली, तर दोष अर्थिंगचा आहे.

किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरील बॅटरीचा दिवा लागतो की नाही, हेही पाहावे. जुन्या रचनेत तो अजिबात लागत नसेल, तर अल्टरनेटरला प्रारंभीचा प्रवाह देणारी तार तुटलेली असू शकते. सुरू इंजिनात बॅटरीची तार काढून पाहण्याची जुनी रीत मात्र पूर्णपणे टाळावी. त्या क्षणी उसळणाऱ्या व्होल्टेजमुळे डायोड आणि इंजिनाचा संगणक जळू शकतो.

अल्टरनेटर दोषी ठरला, तरी तो पूर्ण बदलावा लागेलच असे नाही. कार्बन ब्रश, रेग्युलेटर, बेअरिंग आणि डायोडची प्लेट हे भाग बहुधा स्वतंत्र मिळतात. बेळगाव, संकेश्वर आणि निपाणी येथील ऑटो इलेक्ट्रिशियनकडे काढलेला अल्टरनेटर तपासून घेतल्यास दुरुस्ती स्वस्तात होऊ शकते.

घरी कोणत्या मोटारीला हात लावू नये

पूर्ण हायब्रिड मोटारींतील उच्च दाबाची यंत्रणा जीवघेणी असते. स्टार्टर आणि जनरेटर एकत्र असलेल्या सौम्य हायब्रिड मोटारींचे कामही अधिकृत कार्यशाळेतच करावे.

अनेक जुन्या डिझेल वाहनांत अल्टरनेटरच्या पाठीमागे ब्रेकसाठीचा व्हॅक्युम पंप जोडलेला असतो आणि त्याला इंजिनाच्या तेलाची नळी येते. येथे चूक झाली तर ब्रेकचे पॅडल दगडासारखे घट्ट होते. चोर्ला किंवा आंबोली उतरणाऱ्या वाहनात असा धोका पत्करू नये. हे काम अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे.

बदलण्याचा क्रम

मोटार सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना अडसर लावावा आणि इंजिन थंड होऊ द्यावे. बेल्टचा मार्ग आणि तारांच्या जोडण्या यांची छायाचित्रे मोबाइलवर घ्यावीत. हातातील अंगठी व कडे काढून ठेवावे.

सर्वप्रथम बॅटरीचे ऋण टोक, म्हणजे मायनस, सोडवून कापडात गुंडाळावे. ही पायरी वगळू नये. अल्टरनेटरची जाड तार थेट बॅटरीला जोडलेली असते. किल्ली बंद असली तरी तिच्यात वीज असते. पाना तेथून बॉडीला टेकला, तर ठिणगी उडून आग लागू शकते.

त्यानंतर बेल्ट सैल करावा. जुन्या रचनेत खाचेच्या पट्टीवरील बोल्ट ढिला करून अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला जातो. नव्या रचनेत स्प्रिंगचा टेन्शनर पान्याने फिरवावा लागतो. मग प्लगची कळ दाबून तो काढावा, रबरी टोपी सरकवून जाड तारेचा नट सोडवावा आणि शेवटी आधाराचे बोल्ट काढावेत. अल्टरनेटर चार ते सहा किलो वजनाचा असतो, म्हणून अखेरचा बोल्ट निघण्यापूर्वी त्याला खालून हात द्यावा.

नवा भाग बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून पाहावा. पुलीचा व्यास व खाचा, प्लगमधील पिना, बोल्टच्या छिद्रांची जागा आणि अँपिअर क्षमता जुळायला हवी. बोल्ट आधी हाताने लावून मग पान्याने आवळावेत. जाड तारेचा नट सैल राहिला तर तापून वितळतो आणि अतिरेकाने आवळला तर टोक तुटते.

साध्या बेल्टचा ताण अंदाजण्यासाठी सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबावे. तो साधारण 10 मिलिमीटर खाली जावा. निश्चित माप मोटारीच्या पुस्तिकेत असते. ताण देताना पहार अल्टरनेटरच्या मागच्या कवचावर टेकवू नये. भेगा पडलेला बेल्ट याच वेळी बदलावा. ऋण टोक शेवटी जोडावे.

रिकामी बॅटरी भरण्याचे काम नव्या अल्टरनेटरवर सोपवू नये. दीर्घकाळ पूर्ण क्षमतेने चालून तो तापतो. बॅटरी चार्जरवर भरूनच इंजिन सुरू करावे आणि व्होल्टेज पुन्हा मोजावे. नवा बेल्ट थोडा ताणला जात असल्याने काहीशे किलोमीटरनंतर त्याचा ताण तपासावा.

वाटेत दिवा लागला तर

बॅटरीचा लाल दिवा चालत्या मोटारीत लागला, तर आधी तापमानाच्या काट्याकडे पाहावे. बऱ्याच इंजिनांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. काटा चढत असल्यास बेल्ट तुटलेला असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी सुरक्षित जागी थांबून इंजिन ताबडतोब बंद करावे. काटा स्थिर असल्यास वातानुकूलन आणि संगीत बंद करावे, पंखा गरजेपुरताच ठेवावा आणि वाटेत इंजिन न थांबवता जवळचे गाव गाठावे. पुढचे दिवे आणि वायपर मात्र वीज वाचवण्यासाठी बंद करू नयेत. दिवसा बेळगावात किंवा खानापुरात हा दिवा दिसला असेल, तर घाट उतरण्यापूर्वी तेथेच तपासणी करून घ्यावी.