मुद्रा, साचा आणि ओळख

ग्रंथालयातील एखादे जुने पुस्तक उघडले की पहिल्याच पानावर संस्थेचा शिक्का दिसतो. तो सहसा कोणी वाचत नाही, पण पाहताक्षणी ओळखतो. वाचण्यापूर्वीच ओळख पटविणे हे मुद्रेचे खरे कार्य होय. आज संस्थांची निवेदने व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम या माध्यमांतून चित्ररूपाने जातात आणि त्यांत एकरूपता राहावी म्हणून ठरीव साचे, म्हणजेच 'टेम्प्लेट', वापरावेत असे सांगितले जाते. साधन नवे असले, तरी त्यामागील विचार जुना आहे. त्याचा एक उत्तम दाखला नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराशी निगडित आहे.

सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंबांचे आराध्यदैवत. बाराव्या-तेराव्या शतकांतील त्यांच्या सुवर्णनाण्यांवर एका बाजूस सिंह असून, दुसऱ्या बाजूस सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेला अमुक राजा अशा आशयाचा नागरी लेख आढळतो. शिवचित्त परमर्दिदेवानंतर पुढे तिसरा जयकेशी आला. राजाचे नाव पालटले, परंतु सिंह राहिला आणि देवाचे नावही राहिले. काही नाण्यांवर सिंहासमोर संवत्सराचे नाव आहे. स्थिर काय ठेवावे आणि पालटते काय असावे, याचा विवेक त्या इवल्याशा सोन्याच्या तुकड्यावर दिसतो. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही सिंह पाहून नाणे कोणाचे ते कळले असेल. कदंबांचे राज्य लयास गेले, तरी १९८० साली स्थापन झालेल्या कदंब परिवहन महामंडळाने तोच सिंह बोधचिन्ह म्हणून स्वीकारला.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी दिवाडी बेटावरील मूळ मंदिर पाडले. देव नदी ओलांडून डिचोली महालात आला आणि आपल्याबरोबर 'नार्वे' हे नावही घेऊन आला. शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८ रोजी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने येथील देवालयाच्या कामास प्रारंभ झाल्याचे तेथील शिलालेख सांगतो. महाराजांच्या पत्रांतही अशीच शिस्त आढळते. मस्तकी अष्टकोनी राजमुद्रा आणि मजकूर संपताच मर्यादामुद्रा. तिच्यापुढे कोणी काही वाढविले, तर ते तत्काळ उघड व्हावे, ही योजना. येथे साचा केवळ शोभेसाठी नव्हता. तो शब्दाच्या खरेपणाचा राखणदार होता.

मुद्रणकलेने हा प्रश्न वेगळ्या रूपात पुढे आणला. गोव्यात छापखाना १५५६ साली आला, पण नागरी अक्षरांसाठी सुमारे ६०० साचे लागतील, या अडचणीचा उल्लेख फादर स्टीफन्स यांनी १६०८ च्या पत्रात केला आहे. त्यांचे पुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. पुढे मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागराने आणि राणोजी आरू यांच्यासारख्या कारागिराने देवनागरीला असे सुघड वळण दिले, की त्या छापखान्याचे पुस्तक अक्षरावरूनच ओळखू येई. १९७३ पासून निघणाऱ्या 'कालनिर्णय'चेही तसेच. तारखेचा चौकोन आणि त्यातील तिथीची जागा वर्षानुवर्षे ठरलेली, म्हणून घरातील वृद्धासही हवे ते क्षणात सापडते.

आजच्या संस्थांनी यातून काय घ्यावे? संगणकावर तयार मिळणारे बहुतेक साचे रोमन अक्षरांच्या मापाने आखलेले असतात. त्यांत मराठी मजकूर भरला की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकमेकांस भिडतात. तेव्हा ओळींतील अंतर वाढवावे आणि जोडाक्षरे शुद्ध उमटवणारे युनिकोड वळण निवडावे. मुंबईच्या 'एक टाइप'ने घडविलेले 'मुक्त' हे वळण विनामूल्य उपलब्ध आहे. बोधचिन्हाची जागा, दोन रंग आणि एक वळण कायम ठेवावे. छायाचित्र व शीर्षक पालटू द्यावे. कार्यक्रम, नवी पुस्तके आणि श्रद्धांजली यांसाठी मात्र निरनिराळे साचे असावेत, कारण उत्सवाच्या झगमगत्या चौकटीत शोकवार्ता शोभत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिनांकाची. चित्र एकदा निघाले की दहा गटांतून फिरते आणि पाठविणाऱ्यापासून सुटते. 'येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता' एवढेच लिहिलेले निमंत्रण पुढील वर्षीही फिरत राहून लोकांना बंद दारापाशी आणून सोडू शकते. कदंबांच्या नाण्यावर संवत्सर होते; आपल्या निवेदनावर वर्षासह तारीख, स्थळ आणि संस्थेचे पूर्ण नाव असायलाच हवे.

संस्था चालविणारी माणसे बदलतात. संगणकावर काम करणारा उत्साही तरुण नोकरीनिमित्त गाव सोडतो आणि त्याच्याबरोबर संस्थेचा चेहराही जातो. असे होऊ नये म्हणून साचा व्यक्तीच्या यंत्रात नव्हे, तर संस्थेच्या दप्तरात जतन व्हावा. शंभर वर्षे ज्या शिक्क्याने पुस्तकांवर आपले नाव राखले, त्याची प्रतिष्ठा या नव्या पानांनाही लाभावी, हीच शताब्दीच्या निमित्ताने अपेक्षा.