उंबरावरचा तांबट

माझी पहिली नोंद एका मीटिंगमध्ये झाली. फेब्रुवारी महिना, वर्क फ्रॉम होम, बोरिवलीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी. मी म्यूट करायला विसरलो होतो. पलीकडून बंगळुरूची एक सहकारी म्हणाली, "तुझ्याकडे कोणीतरी सारखं ठोकतंय." टुक्, टुक्, टुक्. एका लयीत, न थांबता. बाहेर सोसायटीच्या उंबरावर चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, ठेंगणा पक्षी बसला होता. कपाळ लाल, गळा पिवळा. फोनवरच्या ॲपने आवाज ऐकून नाव इंग्रजीत सांगितलं. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "अरे, तांबट आहे तो. तांब्याची भांडी ठोकतात ना, तसा आवाज."

मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, आणि आवाजावरून पक्षी ओळखायचं अल्गोरिदम मराठीत आधीपासून होतं हे मला त्या दिवशी कळलं. पानं शिवणारा तो शिंपी. घारीच्या मागे लागून तिला हाकलणारा तो कोतवाल. नावातच ओळख.

मग वाचत सुटलो. मुंबईत पक्षी ओळखण्याचा इतिहास शोधायला गेलो आणि सुरुवातीलाच दोन ओळखीची नावं भेटली. 15 सप्टेंबर 1883 रोजी भायखळ्याच्या म्युझियममध्ये (आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय) आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. आठातले दोघे आपले होते. डॉ. आत्माराम पांडुरंग, म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक, आणि डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉक्टर रखमाबाईंचे सावत्र वडील. शाळेच्या पुस्तकात हे दोघं समाजसुधारणेच्या धड्याच्या आसपास असतात, पक्षी-प्राण्यांच्या जवळपासही नाही. बाकीचे इंग्रज. त्यातला एडवर्ड हॅमिल्टन एटकेन साताऱ्यात जन्मलेला, कस्टम आणि मीठ खात्यातला अधिकारी. त्याने 1900 मध्ये ‘द कॉमन बर्ड्‌स ऑफ बॉम्बे’ असं पुस्तक काढलं. मला त्यातला ‘कॉमन’ हा शब्द फार आवडला. दुर्मीळ पक्ष्यांवर कोणीही लिहील. रोजच्या कावळ्यावर लिहायला वेगळी नजर लागते.

पण त्या काळात पक्षी ओळखायचा म्हणजे बहुतेकदा मारायचा. दुर्बिणी चांगल्या नव्हत्या, पक्षी टिपायला सोयीचा कॅमेरा नव्हता. बंदुकीने पाडा, कातडी काढा, पेंढा भरा, ड्रॉवरमध्ये ठेवा आणि दुसऱ्या कातडीशी ताडून बघा. संदर्भासाठीचा डेटा असा रक्तातून तयार झाला.

सलीम अलींची गोष्ट इथेच सुरू होते. 1896 चा जन्म, लहानपणीच आईवडील गेलेले, गिरगावाजवळच्या खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढलेला मुलगा. मामाने एअरगन दिली होती आणि घरातली मुलं चिमण्या मारत. एक दिवस पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी? मामा सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला अपोलो स्ट्रीटवरच्या सोसायटीत पाठवलं. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, पीतकंठी रानचिमणी, आणि मग एकेक ड्रॉवर उघडून भरलेले पक्षी त्या पोराला दाखवले. कोणत्याही वरिष्ठाने एका शाळकरी मुलाला इतका वेळ देणं ही आजही बातमीच.

पुढचा प्रवास सरळ नव्हता. कॉलेज अर्धवट, ब्रह्मदेशात तावॉयला घरच्यांचा धंदा, मग परत मुंबई. झूलॉजिकल सर्व्हेमधली नोकरी मिळाली नाही, कारण पदवी नव्हती. (माझ्याकडे पदवी आहे आणि मला बुलबुल आणि साळुंकीतला फरक सत्ताविसाव्या वर्षी कळला. असो.) प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये काम लागलं, बर्लिनला एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे शिकून आले, तर परत येईपर्यंत ती जागाच रद्द झालेली. मग 1930 मध्ये ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथे त्यांनी सुगरणींची घरटी बघितली. बंदूक नाही, फक्त तासन्‌तास बघणं. नर घरटं अर्धं विणतो, माद्या येऊन तपासतात, एखादीला पसंत पडलं तर तो ते पूर्ण करतो आणि मग दुसरं घरटं विणायला घेऊन दुसरीची वाट बघतो. मेलेल्या पक्ष्याच्या कातडीतून हे कधीच कळलं नसतं.

आता आमच्या भागाकडे येतो. 1936 पासून सलीम अली आणि हुमायूं अब्दुलअली यांनी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांवर लेखमाला लिहिली. साष्टी म्हणजे अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, हे सगळं. लोकलच्या गर्दीत उभा राहून मी ती फोनवर वाचली. माझ्या स्टेशनांची बेटं, भातखाचरं, खाजणं.

त्या काळात मुंबईत गिधाडं इतकी होती की कोणी वळून बघत नसे. 1990 च्या दशकात जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे ती देशभर कोसळली. पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून अधिक संपली. औषधावर बंदी 2006 मध्ये आली. घट किती झाली हे सांगता आलं, कारण आधीच कोणीतरी ‘साध्या’ पक्ष्यांचे आकडे लिहून ठेवले होते.

सुरुवात कशी करायची, असं मित्र विचारतात. सलीम अलींच्या 1941 च्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’मधली युक्ती अजून चालते: आधी आकार. चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच, शेपटी, कुठे बसलाय, काय करतोय. रंग शेवटी, कारण उन्हात रंग फसवतात. ॲप तर फसवतंच. नॅशनल पार्कात माझ्या फोनने शिक्रा सांगितला, मी उत्साहाने आकाशात बघतोय, आणि शेजारचे एक काका म्हणाले, "बाळा, फोन खिशात ठेव आणि ती फांदी बघ." पल्लवपुच्छ कोतवाल होता. शेपटीला दोन लांब तारा, टोकाला पिसांचे गोंडे. शिक्र्याची हुबेहूब नक्कल करत होता.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटचं ठरलं. उंबराच्या खोडावर नोटीस लागली. जुने लोक दत्ताचं झाड म्हणून कुरकुरले, पण नव्या घराचा हिशोब सगळ्यांनाच हवा होता, मलाही. बैठकीत मी झाड वाचवा म्हणालो तेव्हा एकाने विचारलं, "तिथे असतं तरी काय? कावळेच ना?" माझ्याकडे भाषण नव्हतं. चौदा महिन्यांच्या फोनमधल्या नोंदी होत्या. त्या मी वाचून दाखवल्या. तांबट, बुलबुल, दयाळ, हळद्या, पोपट, शिंपी, एकदा धनेश. कावळेही होतेच. सेक्रेटरींनी यादी हरकतीच्या पत्राला जोडायला मागितली.

पत्र गेलं आहे. उत्तर आलेलं नाही. आज सकाळी सव्वासातला तांबट उंबराच्या वठलेल्या फांदीत भोक पाडत होता, लाकडाचा भुगा खाली उभ्या स्कूटरवर पडत होता. वेळ, तारीख, संख्या एक, असं लिहिलं. थोड्या वेळाने शेजारच्या तारेवरून दुसऱ्याने उत्तर दिलं, म्हणून संख्या दोन केली.