‘गाला’ : व्यापाराच्या सोयीतून जन्मलेला दस्तऐवज

इंग्लंडातील ज्या लहान, स्वतंत्र ध्वनिमुद्रिका-कंपन्या १९८० नंतरच्या दशकात नावारूपास आल्या, त्यांनी आपल्या धंद्यात एक वहिवाट पाडली होती. नवख्या मंडळींच्या भरवशावर एकदम संपूर्ण दीर्घमुद्रिकेची जोखीम न पत्करता प्रथम तीन-चार गीतांची तबकडी, जिला त्या व्यवसायात ‘ईपी’ म्हणत, बाजारात आणावयाची, लंडनच्या संगीतविषयक साप्ताहिकांतून तिची चर्चा होऊ द्यावयाची, आणि श्रोत्यांचा कल अजमावल्यानंतरच पुढील खर्चाची तजवीज करावयाची. गिटारच्या सुरांवर प्रतिध्वनीचे थर चढवून गाणाऱ्याचा आवाज त्यांत जवळजवळ विरघळून टाकणारी जी शैली पुढे ‘शूगेझ’ या नावाने ओळखली गेली, तिचे बाल्य या छोट्या तबकड्यांतच गेले. ऑक्सफर्डच्या ‘राइड’ने १९९० या एका वर्षात अशा तीन ईपी काढल्या. तथापि या कालखंडाचा सर्वांत बोलका पुरावा मला लंडनच्या ‘लश’ या बँडच्या ‘गाला’ नामक संग्रहात आढळतो.

मिकी बेरेनी आणि एमा अँडरसन या शाळेपासूनच्या मैत्रिणी. त्यांनी १९८७ साली ड्रमवादक क्रिस ॲकलंड, बेसवादक स्टीव्ह रिपन आणि गायिका मेरिएल बारहॅम यांच्यासह हा बँड उभा केला. बारहॅम लवकरच बाहेर पडली (पुढे ती ‘पेल सेंट्स’मध्ये गेली) आणि मुख्य गायनाची जबाबदारी बेरेनीकडे आली. आयव्हो वॉट्स-रसेल यांच्या ‘फोर-एडी’ या कंपनीने त्यांना आश्रय दिला. १९८९ साली सहा गीतांची ‘स्कार’ निघाली. १९९० मध्ये ‘मॅड लव्ह’ आणि ‘स्वीटनेस अँड लाइट’ या दोन ईपी तिच्यामागोमाग आल्या. अमेरिका आणि जपान येथील ग्राहकांपर्यंत हे सुटे मुद्रण एकत्र पोहोचावे, एवढ्या व्यावहारिक हेतूने त्याच वर्षअखेरीस तिन्हींची बेरीज करून ‘गाला’ सिद्ध झाला. वॉन ऑलिव्हर यांच्या आरेखनकक्षाने त्याला साजेसे वेष्टनही दिले. कलाकृती म्हणून त्याची रचना कोणी केलीच नव्हती. आणि माझ्या मते त्याचे ऐतिहासिक मूल्य नेमके त्यातच आहे.

कारण या तीन तबकड्यांवर तीन भिन्न निर्मात्यांचे हात फिरले आहेत. ‘स्कार’च्या वेळी जॉन फ्रायर यांनी बँडसमवेत काम केले, तेथे ड्रम जवळून ऐकू येतात, गिटारच्या कडा बोचतात, आणि दोघींचे आवाज काहीसे बिचकत उघड्यावर उभे राहतात. ‘मॅड लव्ह’साठी ‘कॉक्टो ट्विन्स’चे रॉबिन गथ्री आले आणि त्यांनी त्याच मंडळींच्या वादनाला झळाळीचे एक दाट आवरण दिले. ‘स्वीटनेस अँड लाइट’ची सूत्रे टिम फ्रीज-ग्रीन यांच्याकडे होती; ‘टॉक टॉक’च्या उत्तरकालीन, विरल आणि चिंतनशील मुद्रणांतील त्यांचा वाटा जाणकारांस ठाऊक आहेच. ‘थॉटफॉर्म्स’ हे गीत तर या संग्रहात दोनदा येते, एकदा गथ्रींच्या हातचे आणि एकदा ‘स्कार’मधील. जुन्या पोथीचा साक्षेपी संपादक ज्याप्रमाणे पाठभेद गाळून न टाकता शेजारी शेजारी छापतो, त्याप्रमाणे येथे एकाच रचनेचे दोन पाठ आपल्यापुढे उभे राहतात. आणि पायाशी मांडलेल्या पेडलांनी सुरांत नेमके काय घडविले, हे या एका गीतावरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही विवेचनाने होणार नाही.

गथ्रींनी ‘लश’ला आपल्या छायेखाली झाकोळून टाकले, हा आक्षेप १९९२ च्या ‘स्पूकी’ या दीर्घमुद्रिकेपासून वारंवार घेतला गेला. मला तो अन्यायाचा वाटतो. ‘गाला’तील दोन्ही पाठ ताडून पाहणाऱ्यास हे कबूल करावेच लागेल की चालीची वळणे आणि दोन आवाजांची एकमेकींत गुंफलेली वीण ही प्रथमपासून या दोघींचीच होती, निर्मात्याने प्रकाश बदलला, वास्तू बदलली नाही. वृत्तपत्रांनी या साऱ्या पंथाला नजर पायांकडे लावून वाजविणारे म्हणून हिणविले, आणि त्या उपहासाच्या भरात अँडरसन व बेरेनी यांच्या रचनाकौशल्याकडे दुर्लक्ष झाले, याची खंत आजही वाटते.

ऑक्टोबर १९९६ मध्ये ॲकलंड यांनी आपले जीवन संपविले. तो आघात बँडला सोसला नाही; १९९८ साली विसर्जन जाहीर झाले. २०१५ मध्ये मंडळी पुन्हा एकत्र आली, पुढील वर्षी ‘ब्लाइंड स्पॉट’ ही चार गीतांची ईपी निघाली, आणि त्याच वर्षी मँचेस्टर येथील प्रयोगानंतर हा अध्याय समाप्त झाला.

‘फोर-एडी’ने ‘गाला’ नव्याने संस्कारित करून पुनःप्रकाशित केला. संग्रहाचा क्रम मुळातच उलटा आहे : सर्वांत अलीकडची तबकडी आधी, सर्वांत जुनी नंतर. म्हणून नव्या श्रोत्यास माझी आग्रहाची विनंती आहे की त्याने आठव्या गीतापासून, म्हणजे ‘बेबी टॉक’पासून, आरंभ करावा, ‘स्कार’ची सहाही गीते सलग ऐकावी, आणि मगच चौथ्या गीतावर, ‘डिलक्स’वर, यावे.